कॉम्प्युटर हळू झालाय, कुठलं फ्री क्लीनर टाकू?

पत्र (नाव-पत्ता गाळून, थोडक्यात):

भांडुपला राहणाऱ्या एका ताईंनी लिहिलंय. घरी २०१७ साली घेतलेला ब्रँडेड डेस्कटॉप आहे, आय-३ प्रोसेसर, सहावी जनरेशन, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क आणि मशीनबरोबरच आलेली विंडोज १०. ताई पाचवी ते सातवीच्या मुलांच्या शिकवण्या घेतात, प्रश्नपत्रिका मराठीत टाइप करतात, सोसायटीच्या खजिनदार आहेत त्यामुळे मेन्टेनन्सचा हिशोब एक्सेलमध्ये ठेवतात, नेट बँकिंगही याच मशीनवर. सासूबाई दुपारी यूट्यूबवर कीर्तनं ऐकतात. मुलगा अकरावीत, त्याचा अभ्यास आणि गेम्स. मशीन चालू केल्यावर कामाला लागायला पंधरा-वीस मिनिटं जातात, मधेच अडकतं, आणि कोपऱ्यात सारखं "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडला" असं येत राहतं. मुलगा म्हणतो साठ हजार काढा, नवीन घेऊ. रिपेअरवाला म्हणतो फॉरमॅट मारून विंडोज ११ टाकून देतो, ऑफिसही टाकतो, मागच्या वेळी टाकलं तसंच (तेव्हा "अँटिव्हायरसने अडवलं तर अलाऊ करा" असंही सांगून गेला होता). दीर म्हणतात लिनक्स टाका (विंडोजच्या जागी चालणारी, खुल्या कोडची फुकट सिस्टिम). ताईंनी स्वतः दोन क्लीनर आणि एक बूस्टर टाकून बघितले, फरक नाही. त्यांचा प्रश्न: "फुकटातलं चांगलं क्लीनर कुठलं ते सांगा, आणि या तिघांपैकी मी कोणाचं ऐकू? मला यातलं फारसं कळत नाही, एमएससीआयटी केली होती तेवढंच."

उत्तर:

ताई, नमस्कार.

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरू करते. फारसं कळत नाही म्हणता, पण मशीन कधी घेतलं, रॅम किती, कोण काय वापरतं, कशाने फरक पडला नाही हे सगळं पत्रात व्यवस्थित आहे आणि उत्तर द्यायला नेमकं तेवढंच लागतं. उलट तिघंजण उपाय सांगतायत पण घरी त्या मशीनवर रोज काम काय होतं हे तिघांपैकी एकानेही विचारल्याचं दिसत नाही. त्यामुळे इतक्यात कोणाचंच ऐकू नका, आधी एक कागद घ्या आणि घरातल्या प्रत्येकाला विचारून कामांची यादी करा. पत्रावरून मला दिसलेली यादी अशी: मराठी टायपिंग आणि प्रिंट, हिशोबाची शीट, बँक, यूट्यूब, मुलाचा अभ्यास, मुलाचे गेम्स. यातल्या पहिल्या पाच कामांना तुमचं मशीन आजही पुरेसं आहे, त्यात एक-दोन पार्ट बदलावे लागतील एवढंच. गेम्सचं वेगळं आहे, त्याकडे नंतर येते.

आता क्लीनर. नाव सांगत नाहीये, कारण तुम्हाला त्याची गरजच नाही. कॉम्प्युटर हळू झाला म्हणजे आत कचरा साठला आणि तो काढायला अजून एक सॉफ्टवेअर लागतं ही समजूत फार पसरलीय, पण माळा भरला म्हणून कोणी वर अजून एक पेटी नेऊन ठेवत नाही. हे क्लीनर आणि बूस्टर मशीन चालू झालं की स्वतःच मागे चालू होतात, रॅम खातात, आणि दर थोड्या वेळाने शेकडो "प्रॉब्लेम" दाखवून पैसे भरायला सांगतात. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची आतली नोंदवही) साफ केल्याने वेग वाढतो असं जे सांगतात त्याबद्दल खुद्द मायक्रोसॉफ्टचं म्हणणं असं आहे की असल्या रजिस्ट्री क्लीनरना आमचा सपोर्ट नाही, त्यातून विंडोज बिघडू शकते. आणि २०१७ साली तर सीक्लीनर या जगभर वापरल्या जाणाऱ्या क्लीनरच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्येच हॅकर्सनी घातक कोड घुसवला होता, तो साधारण २२ लाख मशीनवर पोचला. फाइल्स साफ करायची सोय विंडोजमध्ये आहेच, सेटिंग्जमध्ये स्टोरेजमध्ये जाऊन टेम्पररी फाइल्स काढा, झालं. एकच करा, त्या यादीत "डाउनलोड्स" असं असतं त्याची टिक आधी काढा, नाहीतर पालकांनी पाठवलेल्या पावत्या-फोटो सगळं जाईल.

मग हळू नक्की कशामुळे झालंय? हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. मशीन चालू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, खाली "मोअर डिटेल्स" दिसलं तर त्यावर क्लिक करा. वर सीपीयू, मेमरी, डिस्क असे कॉलम दिसतील. माझा अंदाज आहे की तुमच्याकडे डिस्कचा आकडा बराच वेळ १०० टक्क्यांवर अडकलेला असेल आणि मेमरीही ८०-९० च्या घरात. विंडोज १० आणि फिरती हार्ड डिस्क ही जोडी असली की घरोघरी हेच दिसतं. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि एक हेड इकडून तिकडे सरकत डेटा शोधतं, दर वेळी दहाएक मिलिसेकंद जातात, आणि मशीन चालू होताना असे हजारो छोटे छोटे तुकडे वाचावे लागतात त्यात अपडेट, अँटिव्हायरस, तुमचे दोन क्लीनर आणि बूस्टर सगळे एकदम त्या एका हेडसाठी रांग लावतात. एसएसडी म्हणजे नव्या तऱ्हेची डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नसतं, तोच तुकडा शंभरेक पट लवकर सापडतो. म्हणजे प्रोसेसर बिचारा रिकामा बसलेला असतो आणि आपण म्हणतो कॉम्प्युटर जुना झाला.

तर पहिला आठवडा एक रुपयाही खर्च करू नका, फक्त काढायचं काम करा. पण त्याआधी बॅकअप. सोसायटीचा हिशोब, प्रश्नपत्रिका, फोटो हे सगळं एक्स्टर्नल डिस्कवर घ्या आणि हिशोबाच्या फाइल्स एका पेनड्राइव्हवरही वेगळ्या घ्या, कारण तो पैसा चाळीस-पन्नास घरांचा असतो आणि फाइल गेली तर प्रश्न तुम्हालाच विचारणार. मग सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सची यादी उघडा आणि क्लीनर, बूस्टर, ड्रायव्हर अपडेटर, कन्व्हर्टर, टूलबार, मशीनबरोबर आलेला आणि मुदत संपलेला ट्रायल अँटिव्हायरस असं सगळं अनइन्स्टॉल करा. ट्रायल अँटिव्हायरस काढला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर परत चालू होतो, घरगुती वापराला तो पुरतो, दुसरा विकत घ्यायची गरज नाही. एखादं नाव ओळखू येत नसेल तर मुलाला विचारा, त्यालाही माहीत नसेल तर तूर्त ठेवा, घाईने काढू नका. मग टास्क मॅनेजरमध्येच "स्टार्टअप" टॅब आहे, तिथे गेम लाँचर, मीटिंगची अ‍ॅप्स वगैरे डिसेबल करा, ती हवी तेव्हा उघडता येतातच. आणि रोज शट डाउन करत असाल तरी आठवड्यातून एकदा "रिस्टार्ट" करा, कारण विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असलं की शट डाउनने सिस्टिम पूर्ण बंद होत नाही, रिस्टार्टने होते.

कोपऱ्यात येणारा तो "व्हायरस सापडला" मेसेज बहुतेक वेळा व्हायरसचा नसतोच. कधीतरी कुठल्यातरी साइटने "नोटिफिकेशन पाठवू का" विचारलेलं असतं आणि घरात कोणीतरी "अलाऊ" दाबलेलं असतं, कीर्तनाची एमपी३ शोधताना किंवा गेम डाउनलोड करताना हे हमखास होतं. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्समध्ये जा आणि ज्या साइट्सना परवानगी दिलीय त्या सगळ्या काढून टाका, मेसेज बंद होईल. सासूबाईंनाही एकदा सांगून ठेवा की असं काही आलं तर घाबरायचं नाही, त्यावरचा नंबर लावायचा नाही, कारण हे मेसेज दाखवून फोन करायला लावणं आणि मग खात्यातून पैसे काढणं हा आता सर्रास चालणारा प्रकार आहे.

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती तुम्ही कंसात लिहिलीय. रिपेअरवाल्याने ऑफिस "टाकून दिलं" आणि अँटिव्हायरसने अडवलं तर अलाऊ करा म्हणाला. तुम्ही विश्वासाने घेतलंत आणि आपल्याकडे निम्म्या घरांत हेच होतं त्यामुळे यात तुम्हाला दोष नाही, पण होतं काय ते समजून घ्या. असं टाकून दिलेलं ऑफिस बहुतेक क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्स चुकवून चालवलेलं असतं, आणि ते चालू ठेवायला जे अ‍ॅक्टिव्हेटर टाकतात त्यांना पूर्ण अधिकार लागतात, आणि डिफेंडरने त्यांच्याकडे बघू नये अशी सूट द्यावी लागते. त्या सूट दिलेल्या फोल्डरमध्ये अजून काय बसलंय हे ना तुम्हाला माहीत ना रिपेअरवाल्याला. आणि त्याच मशीनवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाइप करता. म्हणून आजपासून मशीन स्वच्छ होईपर्यंत त्यावर नेट बँकिंग बंद ठेवा, पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून किंवा फोनवरून बदला, आणि ते ऑफिस काढा. हे काम वेगाच्याही आधी करायचं.

ऑफिस काढलं तर काम कशावर करणार? लिबरऑफिस. २०१० साली ओपनऑफिसमधून वेगळं निघालेलं, द डॉक्युमेंट फाउंडेशन नावाची संस्था ते सांभाळते, कोड सगळ्यांना बघायला खुला आहे, घरी वापरा, सोसायटीत वापरा, शिकवणीत वापरा, कुठेही पैसे किंवा लायसन्स की लागत नाही. इथे थोडं थांबून सांगते कारण पत्रात तुम्ही "फुकटातलं" सरसकट एकत्र धरलंय. पैसे न देता मिळणारी सॉफ्टवेअर दोन तऱ्हेची असतात. एक तऱ्हा तुम्हाला घाबरवून, जाहिराती दाखवून किंवा तुमची माहिती गोळा करून पैसे कमावते, तुमचा बूस्टर त्यातला. दुसरी तऱ्हा म्हणजे कोड खुला ठेवून माणसं मिळून बनवतात ती, लिबरऑफिस, फायरफॉक्स, व्हीएलसी, सेव्हन-झिप ही त्यातली, यातली बरीचशी देणग्यांवर चालतात, आणि "तुमच्या मशीनमध्ये ३४७ एरर आहेत" असं ती कधीही म्हणणार नाहीत. केरळमधल्या सरकारी शाळांत मुलं कितीतरी वर्षं अशाच सॉफ्टवेअरवर कॉम्प्युटर शिकतायत, केंद्र सरकारनेही २०१५ साली ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरायचं धोरण जाहीर केलंय. त्यामुळे फुकट म्हणजे कमअस्सल हा विचार सोडून द्या.

लिबरऑफिसमध्ये तुम्हाला कुठे अडेल तेही सांगते, म्हणजे दोन दिवसांत वैतागून सोडून देणार नाही. एक, ते फाइल स्वतःच्या ओडीएस फॉरमॅटमध्ये सेव्ह करतं, ऑडिटरला ती उघडायला त्रास होईल, म्हणून टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल इथे जाऊन कायम एक्सेलच्या फॉरमॅटमध्ये सेव्ह व्हावं असं एकदाच ठरवून टाका. दोन, मेन्यू जुन्या धाटणीचा दिसेल, व्ह्यूमध्ये यूजर इंटरफेसमध्ये "टॅब्ड" निवडलं की बरंच ओळखीचं वाटतं. तीन, मेन्टेनन्सच्या बेरजा, व्याज, थकबाकी, शीटमधून शीटमध्ये आणलेले आकडे हे सगळं चालतं, पण कोणी तुम्हाला मॅक्रो (शीटमध्ये आपोआप काम करणारा छोटा प्रोग्राम) लिहून दिलेला असेल तर तो चालेलच असं नाही, ती शीट आधी उघडून तपासा. चार, ही मराठी टायपिंगवाल्या प्रत्येकाने लक्षात ठेवायची: लिबरऑफिसमध्ये इंग्रजीचा फॉन्ट आणि देवनागरीचा फॉन्ट वेगवेगळा ठरतो. ऑप्शन्समध्ये भाषांच्या सेटिंगमध्ये "कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट" चालू करा, आणि रायटरच्या सेटिंगमध्ये त्याचा बेसिक फॉन्ट निवडा, नाहीतर तुम्ही साइज १४ कराल आणि मराठी अक्षरं आहेत तशीच राहतील. फॉन्ट म्हणून मुक्ता घ्या, मुंबईतल्याच "एक टाइप" नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी केलेला आहे, फुकट आहे, आणि पाचवीच्या मुलांना वाचायला एकदम स्वच्छ, जोडाक्षरंसुद्धा सुटसुटीत दिसतात.

आणि फॉन्टचा विषय निघालाय तर एक विचारते, तुमच्या जुन्या प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल अशा पद्धतीत आहेत का? बऱ्याच शिक्षकांच्या फाइल्स श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतात, त्यात आतमध्ये खरं तर इंग्रजी चिन्हंच असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर ती फाइल उघडली की नुसती चिन्हं दिसतात. ओळखायचं सोपं आहे, त्यातली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट करा, मराठी दिसली तर ठीक. नाही दिसली तर पुढचं काही बदलायच्या आधी, जुना फॉन्ट अजून मशीनवर आहे तोवर, त्या फाइल्सच्या पीडीएफ करून ठेवा आणि कामाच्या तेवढ्या कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये करून घ्या. वर्षानुवर्षांची मेहनत असते ती, एका फॉरमॅटने वाचता न येण्यासारखी होऊ शकते.

बाकीच्या कामांसाठी फार काही लागत नाही. ब्राउझर म्हणून फायरफॉक्स आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेंशन, जाहिराती लोडच होत नाहीत त्यामुळे ४ जीबीच्या मशीनवर फरक लगेच जाणवतो. व्हिडिओला व्हीएलसी. पीडीएफ बघायला सुमात्रा, अगदी हलकं आहे. झिप फाइलसाठी सेव्हन-झिप. एका कामाला एकच, दुसरं टाकायचं तर पहिलं काढायचं. आणि डाउनलोड नेहमी त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या साइटवरून, सर्चमध्ये सगळ्यात वर जी "जाहिरात" येते तिथून कधीच नाही, नकली इन्स्टॉलर तिथेच भेटतात.

आता खर्चाचं. एक २५६ जीबीची साटा एसएसडी (साध्या हार्ड डिस्कसारखीच वायरने जोडायची) आणि रॅम ४ वरून ८ जीबी, एवढं करा. मुलाने सांगितलेल्या रकमेच्या छोट्याशा भागात होतं. भाव वर-खाली होत असतात म्हणून आकडा सांगत नाही, दोन-तीन दुकानांत विचारा. भांडुपहून दादरला उतरून वेस्टर्नने ग्रँट रोड, पूर्वेला बाहेर पडलं की लॅमिंग्टन रोड, रविवारी बरीच दुकानं बंद असतात तेव्हा शनिवार बरा. रॅमची जुनी पट्टी काढून सोबत न्या, कारण सहाव्या जनरेशनच्या मशीनमध्ये डीडीआर३ आणि डीडीआर४ दोन्ही सापडतात आणि एकाची दुसऱ्यात बसत नाही. पक्कं बिल आणि वॉरंटी घ्या. ज्यांचं बजेट एकाच गोष्टीचं आहे त्यांनी आधी एसएसडी घ्यावी, रॅम नंतर. बसवायला तुमचा रिपेअरवालाच बोलवा, त्यात काही वाईट नाही, आत साठलेली धूळही त्याच्याकडूनच साफ करून घ्या, फक्त त्याला स्पष्ट सांगा की सॉफ्टवेअर काही टाकायचं नाही.

मग त्या एसएसडीवर सिस्टिम कुठली? इथे तुमच्या तिघांचंही म्हणणं तपासू. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सिक्युरिटी अपडेट्सची एक सोय मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केली, पण ती तात्पुरती. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) आणि इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो, तुमचा सहावा. रिपेअरवाला "टाकून देतो" म्हणतो ते अट चुकवून टाकणं आहे, होतं ते, पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. बँकेचं काम करणाऱ्या मशीनवर मी हे करणार नाही. नवीन घ्यायचं म्हटलं तर पहिल्या पाच कामांसाठी साठ हजार हा मला सरळ सरळ जास्तीचा खर्च वाटतो. उरला दिरांचा पर्याय, आणि तो चांगला आहे, फक्त "टाका" इतकं सोपं करून सांगण्यासारखा नाही, कारण उद्या प्रिंट निघाली नाही तर दीर त्यांच्या घरी असतील आणि दारात शिकवणीची मुलं उभी असतील.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी महिनाभर विंडोजवरच लिबरऑफिस आणि फायरफॉक्स वापरा. ही दोन्ही लिनक्सवर जशीच्या तशी असतात, त्यामुळे हात तिथे बसला की खालची सिस्टिम बदलल्याचं फारसं जाणवत नाही. मग दिरांना एका सुट्टीच्या दिवशी जेवायला बोलवा आणि त्यांच्याकडून लिनक्स मिंटचा (लिनक्सचीच एक सोपी तऱ्हा) पेनड्राइव्ह बनवून घ्या, ८ जीबीचा पुरे, त्यावरचं सगळं पुसलं जातं तेव्हा रिकामा द्या. मिंट २००६ पासून आहे, २२ ची मालिका एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणारी आहे, आणि तुमच्या मशीनला एक्सएफसीई एडिशन घ्या, ती सगळ्यात हलकी. पेनड्राइव्हवरून मिंट काहीही इन्स्टॉल न करता चालू होते. त्यात तासभर बसून तुम्ही स्वतः बघा: आवाज येतो का, वायफाय लागतं का, तुमचीच हिशोबाची शीट नीट उघडते का, मराठी टाइप होतं का (इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मिळतं), आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रिंटर. बरेच प्रिंटर नुसते जोडले की चालतात, पण आपल्याकडे घरोघरी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० असेल तर लिनक्सवर त्याचा सेटअप किचकट आहे, तो दिरांनी आधी चालवून दाखवावा, मगच पुढे जावं. पेनड्राइव्हवरून सगळं थोडं संथ वाटेल, वेगाचा अंदाज त्यावरून बांधू नका.

सगळं पटलं तर नवीन एसएसडीवर मिंट टाका आणि इन्स्टॉल करताना जुन्या हार्ड डिस्कची वायर काढून ठेवायला सांगा. जुनी डिस्क तशीच शाबूत राहते, काही अडलं तर वायर जोडली की जुनं विंडोज परत हजर, फक्त ते नेटला जोडू नका. हा मार्ग मला आवडतो कारण यात परत फिरता येतं, आणि परत फिरता येतं म्हटल्यावर माणूस शांतपणे शिकतो. प्रिंटर चाललाच नाही किंवा मन तयार झालं नाही तर एसएसडीवर स्वच्छ विंडोज १० टाका, ब्रँडेड मशीनचं लायसन्स मदरबोर्डमध्येच असतं, आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते, कुठला क्रॅक लागत नाही. पण मग बँकेचं काम फोनवर न्या, आणि अपडेट थांबतील तेव्हा परत निर्णय घ्यावा लागेल हे धरून चाला. इतर वाचकांपैकी ज्यांच्याकडे टॅली आहे किंवा डिजिटल सिग्नेचरचा डोंगल लागतो त्यांनी मात्र विंडोजवरच राहावं, लिनक्सवर या गोष्टींच्या मागे फार वेळ जातो.

मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाची सोय आहे, अपडेटनंतर काही बिघडलं तर सिस्टिम आधीच्या दिवसावर नेता येते. पण ती फक्त सिस्टिमची काळजी घेते, तुमच्या फाइल्सची नाही, त्या वेगळ्याच ठेवायच्या. शिकायला तुमच्या शेजारीच पवईला आयआयटी बॉम्बेचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे, लिबरऑफिस आणि लिनक्सवरचे छोटे छोटे व्हिडिओ मराठीतही आहेत, एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, स्वतः करून बघायचं, अशी त्यांची पद्धत. एमएससीआयटी केलेल्या माणसाला ते अजिबात जड जाणार नाही. आणि शिकवणीसाठी स्टेलॅरियम नक्की टाका, मुंबई निवडलं की आपल्या डोक्यावरचं आत्ताचं आकाश दिसतं, मुंबईच्या उजेडात न दिसणारे तारेसुद्धा, सहावीची मुलं खुर्ची सोडत नाहीत.

घरातल्या प्रत्येकाला वेगळं अकाउंट करून द्या, सासूबाईंना सुद्धा, त्यांच्या स्क्रीनवर फक्त यूट्यूबचा एक मोठा आयकॉन ठेवा. नवीन काही टाकायचं तर पासवर्ड लागेल अशी व्यवस्था करा आणि तो पासवर्ड तुमच्याकडे. तुम्ही कोणावर अविश्वास दाखवताय असं यात काही नाही, अनेक माणसं हात लावतात त्या मशीनवर हे लागतंच, आणि मशीन एक-दोन वर्षांनी परत हळू होत नाही ते याच एका सवयीने.

आता मुलगा. त्याची मागणी उडवून लावू नका. तो जे गेम्स म्हणतोय ते या मशीनवर कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट चालणार नाहीत, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही हे खरं कारण, आणि व्हॅलोरंटसारखे काही तर लिनक्सवर चालतच नाहीत. हे त्याला मोकळेपणाने सांगा. पण अभ्यासाचं पायथन, सी प्लस प्लस वगैरे सगळं मिंटवर उत्तम चालतं. बारावीनंतर तो कुठल्या शाखेला जातो त्यावर त्याला कसला लॅपटॉप लागेल ते ठरेल, आज घेतलेला साठ हजारांचा डेस्कटॉप तेव्हा घरीच राहील आणि लॅपटॉप वेगळा घ्यावा लागेल. ते पैसे त्याच्या नावाने बाजूला ठेवा आणि तसं त्याला सांगा. आणि मिंट टाकायच्या दिवशी त्याला काकांच्या बाजूला बसवा, किंबहुना हात त्याचे असू दे आणि सूचना काकांच्या, म्हणजे पुढे घरात माहिती असलेलं एक माणूस तयार होईल.

वेळ कधीची निवडायची हेही बघा. मार्च-एप्रिलमध्ये काहीही बदलू नका, सोसायटीचं वर्ष ३१ मार्चला बंद होतं आणि तेव्हाच शिकवणीच्या मुलांच्या परीक्षा. दिवाळीची सुट्टी किंवा मे महिना बरा. आणि जुनी हार्ड डिस्क कपाटात ठेवलीत तरी ऑडिट पूर्ण होऊन ३० सप्टेंबरच्या आत एजीएममध्ये (वार्षिक सभेत) हिशोब मंजूर होईपर्यंत ती फॉरमॅट करायला कोणाच्याही हातात देऊ नका.